आग थांबली म्हणून पेढे

मागच्या आठवड्यात एक काका पेढ्यांचा बॉक्स घेऊनच आले, "पायाची आग थांबली एकदाची, गोळी पण सोडली." वय ६१, शुगर १४ वर्षांची, सोबत काकू. मी सांगली भागात मधुमेही पायांच्या तपासण्या करतो, आणि अशी बातमी ऐकली की पोटात गोळा येतो.

काकांना टेबलावर घेतलं. बायोथिसिओमीटर म्हणजे पायाला थरथर किती कळते ते मोजणारं मशीन, त्याचा प्रोब अंगठ्याला लावून व्होल्ट वाढवत न्यायचे, थरथर कळली की पेशंटनं सांगायचं, बघणाऱ्याला एवढंच दिसतं. पण लोक मशीनच्या आवाजावरच 'हो' म्हणतात, आपल्याला बरं वाटावं म्हणूनही म्हणतात. म्हणून मी आधी हातावर थरथर दाखवतो, डोळे मिटायला लावतो, मधेच व्होल्ट शून्यावर ठेवून विचारतो, आता कळतंय का? तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते बघायचा मोनोफिलामेंटचा नायलॉन धागा तर बरोबर १० ग्रॅम दाबाला वाकला पाहिजे, वापरून मऊ पडलेला धागा वर्षानुवर्षं चालवणारे दवाखाने बघितलेत मी, त्यांच्या 'नॉर्मल' रिपोर्टवर माझा काडीचा विश्वास नाही.

काकांना थरथर कळली ती उजव्या अंगठ्याला ४१ व्होल्टला, डाव्याला ४६ ला. आकडा जितका मोठा तितका पाय बधिर. २५ च्या वर गेलं की जखमेचा धोका. २ वर्षांपूर्वी दोन्ही २२ च्या आसपास होते.

काकू म्हणाल्या, "रोज रात्री तूप लावून काशाची वाटी घासते तळव्याला, आधी वाटी फिरली की झोपायचे, हल्ली विचारतात, सुरू केलंस का?"

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

आग म्हणजे अंगातली उष्णता असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. नसेच्या पेशीत साखर जायला इन्सुलिन लागत नाही, रक्तात वाढली की आतही वाढते, मग मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरावर, लोड येऊन सुपरऑक्साइड हा पेशीला गंजवणारा पदार्थ भसाभसा तयार होतो. त्यात जादा साखरेचं सॉर्बिटॉल (साखरेचंच दुसरं रूप) करण्यात ग्लुटाथायोन, म्हणजे हा गंज पुसणारा पदार्थ, ताजं ठेवणारा साठाही संपत जातो, म्हणजे गंज वाढतोय आणि गंज पुसणाराही थकतोय. मधुमेहावर संशोधन करणाऱ्या ब्राउनलींनी २००१ साली हे सगळे धागे एकत्र बांधून दाखवले. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा सगळ्यात लांब, म्हणून आधी त्या जातात. जखमी नस कारण नसताना सिग्नल सोडत राहते, तीच आग, आणि पार मेली की गप्प. अल्फा लिपोइक ॲसिड हे गंज कमी करणारं औषध ६०० मिलीग्रॅम घेऊन काहींची आग कमी होते हे खरं, पण मेलेली नस त्यानं उठत नाही. आणि चार-पाच औषधांची एकच कॅप्सूल लिहून देताना पेशंटला मोजे काढायला न सांगणाऱ्या डॉक्टरांचा मला मनापासून राग येतो.

पण काकांचं कार्ड काढलं तर मधल्या ३ व्हिजिटला फक्त आगीचे मार्क लिहिलेले, १० पैकी ८, मग ५, मग २, पुढं 'सुधारणा'. अक्षर माझं. गर्दी होती, मशीन लावलंच नाही. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) तेव्हाही १०.२ टक्के, म्हणजे खूपच जास्त होती, एवढ्या शुगरला नस सुधारते कशी, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

काकांना समजावलं तर ते नुसते पेढ्यांच्या बॉक्सकडे बघत बसले. काकूंनी विचारलं, "मग वाटी बंद करू?"

"नको काकू, घासा, हलक्या हातानं. फक्त आधी लाईट लावून तळवा बघायचा, बोटांच्या बेचक्यात पण."

त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि तिथंच एकेक बोट बाजूला करून बघायला लागल्या. मी अजून तिथपर्यंत पोचलोच नव्हतो. डाव्या पायाच्या करंगळीच्या बेचक्यात चीर होती, ओली. किती दिवसांची ते काकांना सांगता येईना.