बायकोसोबत 108 फूट खाली

वणीकडच्या कोळसा खदानीत मी 31 वर्षं जमिनीखाली काम केलं. रिटायर होऊन गावी वावरात रमलो, तेव्हा वाटलं, खाली जाणं संपलं एकदाचं. दिवाळीनंतर पुण्याला लेकीकडे गेलो आणि पुन्हा उतरावं लागलं, तेही बायकोला घेऊन.

हिला दगडूशेठ गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं. लेक कामावर जाता जाता म्हणाली, "बाबा, वनाजहून मेट्रोत बसा, कोर्टापाशी उतरा, तिथून खालची गाडी धरा, मंडईला उतरा. तिकीट एकच." खालची म्हणजे किती खालची, ते काही बोलली नाही. एवढं मात्र म्हणाली, की बोगदा मुठा नदीच्या खालून जातो, आईला सांगू नका.

वनाजला पिशवी मशीनमधून गेली. खिशातली खर्र्याची पुडी पाहून गार्ड म्हणाला, "काका, आत खायचं नाही." मला हसू आलं. खदानीच्या तोंडाशीही अशीच झडती व्हायची, पण ती बिडी-काडीसाठी. बिडी बंद म्हणूनच तर आम्ही सगळे खर्र्याला लागलो.

तिकीट म्हणजे चौकटी-चौकटीचा छाप असलेला कागद. एसटीच्या सवयीनं मी त्याची बारीक घडी करून घड्याळाच्या पट्ट्यात खोचली.

वनाजची गाडी खांबांवरून चालते. आमच्या नागपूरची मेट्रोही अशीच वरून जाते. पुण्याची मेट्रो बांधली त्या महामेट्रोचं मुख्य ऑफिस नागपुरातच आहे, हे मी हिला मोठ्या ऐटीत सांगितलं. हिचं लक्ष खिडकीबाहेर.

जिल्हा न्यायालय स्टेशनवर उतरलो आणि खाली जायला लागलो. एक जिना झाला, दुसरा झाला, तरी तळ येईना. नंतर जावयानं सांगितलं, 33.1 मीटर खोल आहे, म्हणजे 108 फूट. आपल्या गावची विहीर 40 फुटांची, तिच्यात वाकून पाहिलं तरी गरगरतं.

सरकत्या जिन्यापाशी अडलो तो मीच. खदानीत कोळसा वर नेणारा बेल्ट असतो, त्याच्यावर माणसानं चढायला सक्त मनाई. तीन दशकं पोरांना त्यावरून शिव्या घातल्या आणि आता स्वतःच चालत्या पट्ट्यावर पाय ठेवायचा! हिनं एका कॉलेजच्या पोरीचा हात धरला, लुगडं सावरलं आणि गेली निघून. खालून ओरडली, "आवो, या ना! का जीव जाते?"

खाली मी आधी छताकडे पाहिलं. सवयच ती. आमच्याकडे वाळूचा दगड असतो, बोल्ट ठोकून धरून ठेवावा लागतो. पुण्याचा काळा कातळ तसा घट्ट, त्यात सगळं सिमेंटनं मढवलेलं. कुठं ठिबक नाही. वरून ऊन पार खालपर्यंत यावं अशी सोय केली आहे म्हणे. ऊन! आम्ही पहिल्या पाळीला उतरायचो ते दुपारी वर आल्यावरच ऊन पाहायचो.

बोगद्यातून एकदम वारा आला. मी हिला मागं ओढलं. मग उजेड दिसला आणि गाडी आली. गाडी पुढची हवा ढकलत आणते, हे मला कळायला पाहिजे होतं.

गाडीत ती म्हणाली, "तुमची खदानबी अशीच होती का वं?"

31 वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं. तिनं आतून कधी पाहिलीच नव्हती. बायांनी जमिनीखाली काम करायला 1952 च्या खाण कायद्यानं बंदी होती, 2019 मध्ये थोडी सूट मिळाली तीही सुपरवायझर-इंजिनिअर बायांना. आणि घरी येऊन मी सांगायचो तरी काय.

"नाही," मी म्हटलं, "तिथं उजेड आपला आपल्याले न्या लागे. टोपीवर."

मंडईला बाहेर पडताना गेट उघडेना. तोच कागद पुन्हा दाखवायचा होता आणि घडी पडून छाप मोडला होता. गार्डनं पँटवर घासून तो सपाट केला, तिसऱ्यांदा लागला. खदानीतून वर आलं की बिल्ला परत द्यायचा, म्हणजे माणूस बाहेर आला ही नोंद. तिकीट तसं जपायला पाहिजे होतं.

दर्शनाच्या रांगेत लागल्यावर सांगितलं, "मघाशी आपल्या डोक्यावरून नदी चालली होती."

"अन् आता सांगता?" मग थोडं थांबून, "खदानीत तुमच्या डोक्यावर काय राहे?"

"पराटी. आपल्याच गावची."

"नाल्याकडचं वावर? आम्ही निंदाले जाओ ते?"

"तेच."

रांग पुढं सरकली. तिनं पिशवीतून नारळ काढला.