आमची वाटचाल : टूल रेस्टच्या निर्मितीपर्यंत

आमच्या कारखान्याची सुरुवात कातकामाने, म्हणजे फिरत्या लाकडाला हत्याराने आकार देण्याच्या कामाने झाली. खुर्च्यांचे पाय, कठड्याचे खांब आणि लाकडी वाडगे कातत असताना लेथबरोबर (लाकूड फिरवणाऱ्या यंत्राबरोबर) आलेले बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, टूल रेस्ट आमच्या रोजच्या वापरात होते. टूल रेस्ट म्हणजे हत्यार टेकवण्याची आडवी पट्टी, जी उभ्या दांड्यावर बसते. बीड थरथर चांगली शोषते, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र हायस्पीड स्टीलच्या हत्यारांपुढे ते मऊ पडते. स्क्यू चिझेलच्या (तिरप्या धारेच्या पटाशीच्या) कडांनी टूल रेस्टच्या वरच्या धारेला बारीक खाचा पडतात, सरकते हत्यार प्रत्येक खाचेत क्षणभर अडते आणि ती अडखळ लाकडावर लाटांच्या रूपाने उमटते. कानस मारून धार सरळ करावी, हत्यारांच्या कडा किंचित गोल कराव्यात आणि वरून मेण फिरवावे, हा उपाय ज्यांचे काम मोजके आहे त्यांना आम्ही आजही सुचवतो. त्यांना नव्या टूल रेस्टची गरज नसते.

रोज दिवसभर चालणाऱ्या कामासाठी आम्ही वरच्या धारेवर कठीण केलेला, ग्राइंडिंगने गुळगुळीत केलेला पोलादी गज बसवू लागलो. वेल्डिंगच्या उष्णतेने अशा गजाचा कठीणपणा जातो आणि पट्टीही वाकते, म्हणून माइल्ड स्टीलची पट्टी आधी दांड्याला वेल्ड करून सरळ करायची, मग तिच्यात खाच पाडून गज इपॉक्सीने चिकटवायचा, ही पद्धत आम्ही कायम ठेवली. शेजारच्या कारागिरांनी ते टूल रेस्ट वापरून पाहिले, मागणी वाढत गेली आणि हळूहळू कातकाम मागे पडून हाच आमचा व्यवसाय झाला.

ग्राहक बहुधा प्रथम लांबी सांगतात. आम्ही मात्र आधी दांड्याचा व्यास विचारतो, कारण बॅंजोच्या, म्हणजे लेथवर टूल रेस्टचा दांडा धरणाऱ्या भागाच्या, भोकात दांडा नीट बसला नाही तर बाकीच्या गुणांना अर्थ राहत नाही. लहान लेथना बहुधा ५/८ इंची आणि मोठ्यांना १ इंची दांडा लागतो, काहींना २५ किंवा ३० मिलिमीटरचा. २५ मिलिमीटर आणि १ इंच यांत जेमतेम ०.४ मिलिमीटरचा फरक असला तरी १ इंची दांडा २५ मिलिमीटरच्या भोकात जाणार नाही. बारीक दांडा मोठ्या भोकात बुश (पोकळ नळी) घालून बसवता येतो, पण त्यात जाड दांड्याची ताकद येत नाही: त्याच लांबीचा १ इंची दांडा ५/८ इंची दांड्यापेक्षा सहापटीहून अधिक ताठ असतो.

दुसरे माप उंचीचे. बॅंजोच्या माथ्यापासून स्पिंडलच्या (लाकूड फिरवणाऱ्या आसाच्या) मध्यापर्यंतचे अंतर मोजून त्यातून हत्याराची जाडी वजा करावी लागते. दांडा आखूड असेल तर वर उचलल्यावर बॅंजोत त्याची पकड अपुरी राहते. फार लांब असेल तर टूल रेस्ट हवा तेवढा खाली जात नाही, आणि जाड स्क्रेपर (खरवडण्याचे हत्यार) वापरणाऱ्याला ही अडचण लगेच जाणवते.

लांबीबाबत आमचे मत ठाम आहे: काम भागेल एवढीच असावी. एकाच दांड्यावरची लांब पट्टी टोकांना लवचीक होते, म्हणून लांब खांबांसाठी आम्ही दोन दांड्यांचे टूल रेस्ट बनवतो, ज्यांना दोन बॅंजो लागतात. वाडग्याच्या आतल्या बाजूसाठी वक्र टूल रेस्ट घ्यावा, कारण सरळ पट्टी आत पोहोचत नाही आणि हत्यार टेकूपुढे लांबवर राहते. पुढे आलेली लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच दाबाने हत्यार आठपट वाकते. या वक्र टूल रेस्टवर आम्ही सर्वाधिक मेहनत घेतो, कारण गजाला वळण देताना तो तडकू नये म्हणून तो आधी वाकवून मगच कठीण करावा लागतो. आता लहान लेथसाठीही असे वक्र टूल रेस्ट आम्ही तयार करत आहोत.