तुम्ही विचारलंत म्हणून: दाते हातानेच का कापते?

गणपतीत आमच्याकडे आरतीला येणारे जवळजवळ सगळेच टेबलावरच्या, मी बनवलेल्या लाकडी खेळण्यातल्या आजीचं हँडल फिरवून बघतात आणि मग हमखास हाच प्रश्न येतो, की अहो आतल्या चाकांचे हे दाते तुम्ही एकेक करून हाताने कापता? लेझर कटिंगवाल्याला फाईल दिली तर दहा मिनिटात कापून देईल, अगदी मापात. आरतीच्या गडबडीत नीट सांगता येत नाही, म्हणून आता तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. साधारण वीतभर उंचीची आजी बसलीय, पुढ्यात रवी, हँडल फिरवलं की ती ताक घुसळते. हँडलच्या दांडीवर एक खुंटी आहे, ती एक पट्टी पुढेमागे ढकलते, पट्टीच्या दोन्ही टोकांना बांधलेला जाड दोरा रवीला दोन वेढे घेऊन गेलाय, त्यामुळे रवी एकदा इकडे एकदा तिकडे गरगरते, हँडलच्या एका फेऱ्यात एक घुसळण. आणि माठामागे एक मांजर दडलंय, ते मधूनच मान वर काढून लोण्याकडे बघतं. मांजरासाठी वेगळी दांडी, तिच्यावर थेंबाच्या आकाराचा लाकडी कॅम, कॅमचं टोक वर आलं की मान वर. ही दांडी हळू फिरायला हवी म्हणून मध्ये दोन गिअर, हँडलवर लहान आणि मांजराकडे मोठा.

लेझरबद्दल माझी काही तक्रार नाही. शाळेसाठी एकसारखे तीस सेट करायचे असतील तर लेझरच बरा, मीच सांगते तसं लोकांना. पण मला हे वेड लागलं ते आजोळच्या रहाटामुळे. कोकणात आगरात, नारळी-पोफळीच्या बागांत विहिरीवर रहाट असायचे, एक चाक आडवं, एक उभं, दोघांचे लाकडी दाते एकमेकांत अडकलेले, बैल गोल फिरला की आडवं चाक उभ्याला फिरवणार आणि गाडगी पाणी वर आणणार. दाता तुटला की आजोबा तेवढाच ठोकून काढायचे आणि नवा तासून बसवायचे, चाक तसंच. मी तो जुना, झिजून गुळगुळीत झालेला दाता हातात घेऊन बसायचे. कुठे झिजलाय त्यावरून समोरचा दाता कसा येऊन टेकत होता ते दिसायचं.

हाताने कापताना हे सगळं परत समोर येतं. पहिली गोष्ट लाकडाच्या रेषा. सागाच्या फळीतून गोल चकती कापून कडेला दाते पाडले तर काही दात्यांत रेषा उभ्या येतात, ते मजबूत, आणि काहींत आडव्या, ते बिस्किटासारखे तुटतात. शिवाय पावसाळा. लाकूड रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाही, म्हणजे मे महिन्यात गोल असलेलं चाक जुलैत किंचित लांबट होतं आणि बरोबर दोन ठिकाणी अडकायला लागतं. माझी पहिली दोन खेळणी अशीच अडकून बसली. जॉन हॅरिसनने समुद्रावर रेखांश काढायचं घड्याळ बनवलं हे बऱ्याच जणांना माहिती असतं, पण तो मुळात सुतारकाम करणारा माणूस, 1713 मधलं त्याचं पहिलं घड्याळ जवळजवळ पूर्ण लाकडी होतं. त्याने ओकच्या चाकांना दाते वेगळ्या तुकड्यांतून कापून कडेच्या खाचेत बसवले, असे की प्रत्येक दात्यात रेषा बाहेरच्या दिशेनेच धावतील. दांड्या टेकतात तिथे त्याने लिग्नम व्हिटे नावाचं मुळातच तेलकट लाकूड वापरलं, आणि इंग्लंडमध्ये ब्रॉकल्सबी पार्कच्या तबेल्यावरचं त्याचं 1720 च्या दशकातलं घड्याळ तेल न घालता आजही चालतं. हे वाचल्यापासून मीही दाते तुकड्यांतून बसवते. वेळ चौपट लागतो, पण जुलैत हँडल फिरतं.

आता एक दाता कापायचा म्हणजे काय ते सांगते. तुकडे बसवलेल्या चाकावर कंपासने वर्तुळ काढायचं, त्यावर डिव्हायडरने दहा-दहा मिलीमीटरची पावलं टाकत जायचं, बारीक पात्याच्या करवतीने दोन्ही बाजूंनी चीर पाडायची, मधलं लाकूड पटाशीने उडवायचं आणि मग कानस. कानशीचा आवाज आधी खरखरीत येतो आणि दाता मापात यायला लागला की मऊ होतो, कानाला कळतं. मग लहान चाकाच्या दात्यांना पेन्सिलचं शिसं चोळायचं, दोन्ही चाकं एकमेकांत बसवून सावकाश फिरवायची, मोठ्या चाकावर जिथे जास्त काळं उमटलं तिथे घासायचं, परत चोळायचं, परत फिरवायचं. मोठ्या चाकाला माझ्या दोन संध्याकाळी जातात. शेवटी मेणबत्तीचं मेण, तेल अजिबात नाही, तेलाने धूळ धरते.

आणि आता खरं उत्तर. या आजीत मला लहान चाक 8 दात्यांचं आणि मोठं 24 चं करायचं होतं, म्हणजे दर तीन घुसळणींना मांजर एकदा डोकावणार. वर्तुळ काढताना त्रिज्या 38 च्या ऐवजी 40 मिलीमीटर धरली गेली आणि डिव्हायडर फिरवत परत सुरुवातीला आले तर पावलं पंचवीस बसली, चोवीस नाही. लाकूड चांगलं होतं, टाकवेना. दांडीचं भोक दीड-दोन मिलीमीटर बाजूला सरकवलं आणि पंचवीस दात्यांचंच चाक बसवलं. फिरवलं आणि मी बघतच राहिले, कारण मांजर जिवंत झालं होतं! आधी मी पुठ्ठ्याचं 24 चं चाक लावून पाहिलं होतं त्यात आजीचे हात त्याच जागी असताना मांजर यायचं, दर वेळी, घड्याळासारखं. आता तीन फेरे आणि वर एक अष्टमांश, म्हणजे कधी आजीचा उजवा हात पुढे असताना, कधी डावा, कधी अगदी मधेच. पुढची वेळ ओळखता येत नाही, आणि म्हणून बघणारा माणूस हँडल सोडत नाही.

नंतर कळलं की युरोपातले पवनचक्क्या बांधणारे मिस्त्री मुद्दाम असाच एक दाता जास्त ठेवायचे. 8 आणि 24 असेल तर लहान चाकाच्या प्रत्येक दात्याला कायम समोरचे ठरावीक तीनच दाते भेटणार आणि एखादा वाकडा असला तर त्याच जोड्या झिजत राहणार. 25 केले की प्रत्येक दाता प्रत्येक दात्याला भेटतो, झीज सगळ्यांत वाटली जाते. हातच्या चाकात थोडा वाकडेपणा राहतोच, त्याला हाच उपाय, चाकं वापरून वापरून एकमेकांना घडवतात. ही आजी आता तिसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा कितीतरी गोड चालते, आवाजसुद्धा बदललाय.

फाईल पाठवली असती तर 24 चं अचूक चाक आलं असतं आणि मी ते बसवून मोकळी झाले असते. पंचवीस मला लाकडाने दिले, पावलं मोजत होते म्हणून सापडले.

यंदा शेजारची सहावीतली मुलगी दीड तास टेबलापाशी होती. उजवा हात पुढे आणि मांजर वर, ही जोडी परत कधी येते ते मोजत होती. शेवटी स्वयंपाकघरात आली, मी मोदकांची उकड मळत होते, आणि म्हणाली, "मावशी, पंचविसाव्या फेऱ्याला परत तस्संच होतं. दाते किती आहेत ते पण मोजले मी. 8 आणि 25 चा लसावि दोनशे, भागिले आठ." मग विचारलं, की 26 केले तर? मी म्हटलं, हात धुते, करून बघू.