डबा पोचवा, पण सांगू नका

रविवारी नागपूरच्या सदर भागातल्या चर्चमध्ये अर्पणाची थैली रांगेतून फिरते. नोट तीच, पण कुणी ती मुठीतून टाकतो, कुणी शेजारच्याला दिसेल अशी उलगडून. दाखवण्यासाठी दान करणाऱ्यांबद्दल बायबलमध्ये, मत्तय ६:२ मध्ये येशू म्हणतो, ते आपलं प्रतिफळ ‘भरून पावले’. मूळ ग्रीक शब्द पावतीवरचा आहे : हिशेब चुकता, आता येणं काही नाही.

बायबलमधल्या हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोची गोष्ट लोक चुकीची वाचतात. त्यांनी जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि बाकीचे प्रेषितांपुढे आणले. पैसे मागे ठेवणं हा गुन्हा नव्हताच. जमीन त्यांची, पैसेही त्यांचेच, हे येशूचा प्रेषित पेत्रच सांगतो (प्रेषितांची कृत्ये ५:४). थोडं देऊन सगळं दिल्याचा आव आणला, तिथे घात झाला.

स्वतःला तपासायचं तर महिनाभर एक काम गुपचूप करा. मेयो रुग्णालयात भरती असलेल्या शेजाऱ्याला डबा पोचवा, प्रार्थनासभेत मात्र बोलू नका. कुणी दखल घेतली नाही म्हणून मन खट्टू झालं, तर हेतू कुठे अडकलाय ते कळेल. मग स्तोत्र १३९:२३-२४ ची, ‘देवा, माझं मन पारखून बघ’ ही प्रार्थना करा, डबा थांबवू नका. हेतू शुद्ध होईपर्यंत आज्ञा पाळायचीच नाही, ही पळवाट मला फार घातक वाटते. शेजाऱ्याला जेवण आज हवं असतं.