‘वारं गेलं’ म्हणजे नेमकं कुठे काय बिघडलं?

अंगावरून वारं गेलं, लकवा मारला, अर्धांगवायू झाला, पॅरालिसिसचा अटॅक आला. बोलतो ते वेगवेगळं, पण सांगायचं एकच असतं: हात किंवा पाय जागच्या जागी आहे, पण मनाप्रमाणे हलत नाही. ताप हा जसा स्वतंत्र आजार नव्हे, तसाच लकवाही नव्हे. ते लक्षण आहे आणि त्यामागे डझनभर वेगळी कारणं असू शकतात. म्हणून ‘लकव्याचं औषध’ असं एक काही असू शकत नाही. तसं एकच औषध सगळ्यांना देणारा माणूस कारण शोधतच नाही, एवढं त्यावरून कळतं.

हात उचलायचा हुकूम मेंदूच्या वरच्या थरातून सुटतो. मेंदूच्या आत एका अरुंद पट्ट्यातून खाली येतो, मेंदू संपून मज्जारज्जू सुरू होतो तिथे बाजू बदलतो, मग कण्यातून उतरून नसेत आणि नसेतून स्नायूत जातो. या वाटेवर कुठेही खोडा पडला तरी हात लुळाच पडणार. पण खोडा कुठे आहे हे शरीर सांगत असतं. एका बाजूचा हात, पाय आणि चेहरा गेला, तर बहुधा मेंदू. कमरेखाली दोन्ही पाय गेले, लघवी अडली, पोटावर ठरावीक रेषेखाली बधिरपणा आला, तर मज्जारज्जू. मेंदू-मज्जारज्जूतल्या बिघाडात अवयव सुरुवातीला लुळा असतो आणि काही दिवसांनी ताठरतो. नसेतल्या बिघाडात तो सैलच राहतो आणि स्नायू वाळत जातात.

सगळ्यात जास्त लकवे पहिल्या ठिकाणचे, म्हणजे ब्रेन स्ट्रोकचे. त्यातले साधारण ८० ते ८५ टक्के रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे होतात, बाकीचे वाहिनी फुटून रक्तस्राव झाल्यामुळे. वर सांगितलेला अरुंद पट्टा इथे महत्त्वाचा. सगळे तंतू तिथे दाटीने एकत्र येतात, म्हणून हरभऱ्याएवढ्या जागेचा रक्तपुरवठा तुटला तरी अख्खी बाजू लुळी पडते. तिथली बारीक वाहिनी खराब होते ती मुख्यतः वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने. ‘मला काही त्रास होत नाही’ म्हणून गोळी सोडणारे सगळ्यात आधी इथे सापडतात. मधुमेह, विडी-सिगारेट ही नेहमीची मंडळी आहेतच. तरुण माणसाला झटका आला तर हृदय तपासायलाच हवं. कधी कधी लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेली असते, ठोके अनियमित पडतात, आत गुठळी तयार होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. बाळंतिणीला काही दिवस सतत डोकं दुखून फिट आली, एक बाजू कमजोर झाली, तर मेंदूतल्या शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी. बाळंतपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि पाणी तोडल्याने त्यात भर पडते.

मोठी वाहिनी बंद असेल, तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अल्टेप्लेज हे इंजेक्शन असेल तर वजनाच्या किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. टेनेक्टेप्लेज असेल तर किलोमागे ०.२५, जास्तीत जास्त २५. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने ओढूनही काढता येते, साधारण ६ तासांपर्यंत आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. म्हणून घरच्यांनी लक्षात ठेवायची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे घड्याळ. ‘सकाळी उठल्यावर दिसलं’ हे उत्तर अपुरं आहे. रात्री शेवटचे धडधाकट किती वाजता पाहिले, ती वेळ सांगायची.

१०८ ला फोन करा आणि जवळच्या दवाखान्याऐवजी सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्या. छोट्या दवाखान्यात सलाईन लावून दोन तास गेले, तर ते परत येत नाहीत. तोंडात पाणी घालू नका, कारण गिळता येत नसेल तर ते थेट फुप्फुसात जातं. ॲस्पिरिन देऊ नका, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही. रक्तदाब जास्त दिसला म्हणून जिभेखाली गोळीही ठेवू नका. दाब एकदम पाडला की उरलेला रक्तपुरवठाही तुटतो. साखर मात्र जरूर तपासा, साखर फार उतरली तरी हुबेहूब लकवा दिसतो. आणि सीटी नॉर्मल आला म्हणून घरी जाऊ नका. रक्तस्राव सीटीत लगेच दिसतो, गुठळीचा स्ट्रोक पहिल्या काही तासांत बऱ्याचदा दिसत नाही.

दहा मिनिटं हात लुळा पडला आणि आपोआप बरा झाला, तर लोक सुटकेचा श्वास सोडतात. हा छोटा झटका म्हणजे पुढच्या ४८ तासांतल्या मोठ्याची सूचना असू शकते. त्याच दिवशी दाखवायचं.

आता नुसतं तोंड वाकडं होण्याबद्दल. रुग्णाला कपाळाला आठ्या घालायला सांगा आणि डोळे घट्ट मिटायला सांगा. आठ्या नीट पडतात, फक्त खालचा चेहरा ओढला जातो, तर स्ट्रोक समजून धावा. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, म्हणून एक बाजू गेली तरी ते वाचतं. त्याच बाजूच्या आठ्याही नाहीत, डोळाही मिटत नाही, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजली आहे, म्हणजे बेल्स पाल्सी. त्यात ७२ तासांच्या आत स्टेरॉइड सुरू केलं तर फायदा होतो. उघडा राहणारा डोळा थेंब आणि मलम घालून, रात्री पट्टी लावून जपावा लागतो, नाहीतर बुबुळाला जखम होते. घरी ही चाचणी केली तरी निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या.

बेल्स पाल्सीचे सुमारे ७० टक्के रुग्ण काहीही न करता पूर्ण बरे होतात. स्ट्रोकनंतरची सुधारणाही पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते. अमक्या गावचं तेल, तमक्या वैदूची पुडी, लुळ्या हाताला चोळलेलं पारव्याचं रक्त, या सगळ्यांची कीर्ती या दोन आकड्यांवर उभी आहे. साडेचार तास त्या गावच्या रस्त्यातच सरतात.

खालून वर चढत जाणारा लकवा वेगळा. आधी पायांना मुंग्या, मग जिना चढता येईना, मग हात, मग श्वास. हा गिया-बारे सिंड्रोम. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात, मुख्यतः सिंहगड रस्ता परिसरात, त्याचे दोनशेच्या आसपास रुग्ण निघाले, तेव्हा हे नाव घराघरात पोचलं. जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी, जंतूंशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला लावा. वीसपर्यंतही जमेना तर छातीचे स्नायू दमत आहेत, आयसीयू लागणार. उपचार म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं), किलोमागे रोज ०.४ ग्रॅम असं पाच दिवस, नाहीतर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणं. नुसतं स्टेरॉइड यात कामाचं नाही.

नस आणि स्नायू यांच्या सांध्यावरही घाला पडतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो, पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही. हा मण्यार सापाचा दंश असू शकतो. तिचा दंश दुखत नाही, सुजत नाही, खूणही सापडत नाही, म्हणून घरचे ॲसिडिटीची गोळी देत बसतात. प्रतिविष लवकर आणि श्वास थांबला तर व्हेंटिलेटर, एवढं मिळालं तर असा पूर्ण लुळा पडलेला माणूस पुन्हा उभा राहतो.

शेवटचं ठिकाण खुद्द स्नायू. धडधाकट तरुण आदल्या दिवशी भरपूर कष्ट करतो, रात्री भात-गोड भरपेट खातो आणि सकाळी अंथरुणातून उठूच शकत नाही. शुद्ध आहे, बोलतो आहे, हातपाय मात्र निकामी. रक्तातलं पोटॅशियम एकदम उतरलेलं असतं, मुळाशी कधी कधी थायरॉइड निघतो. काही तासांत, फार तर दिवसाभरात बहुतेकदा ते आपोआप सुधारतं, त्यामुळे मधल्या काळात बांधलेल्या गंड्याला श्रेय जातं. पण उतरलेलं पोटॅशियम हृदयाचा ठोका बिघडवू शकतं, म्हणून लगेच ईसीजी हवा. आणि रक्त हातपाय लुळे असतानाच घ्यायला हवं. दुसऱ्या दिवशी तपासलं तर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि रुग्णाला ‘टेन्शनमुळे झालं’ असं सांगून परत पाठवलं जातं.