ऑस्कर वर्षाचा झाला की भांडणं का सुरू होतात

म्हापशात घ्या नाहीतर मडगावात, टँकमध्ये पाळायचा शिकारी मासा, दोन इंची ऑस्कर, विकताना सल्ला एकच मिळतो: सगळे एकत्र वाढवा, मोठे झाले तरी भांडत नाहीत. यातलं अर्धं खरं आहे. पिल्लं भांडत नाहीत. पण ऑस्कर वर्ष-सव्वा वर्षाचा झाला की वयात येतो, आणि कालपर्यंत सोबत फिरणारा मासा त्याला आपल्या जागेतला घुसखोर वाटायला लागतो. शिकारी माशांचं एकमेकांशी जमणं मुदतीचं असतं. कोण कोणाबरोबर चालतो याचे तक्ते पाठ करण्यापेक्षा ही मुदत ओळखलेली बरी.

तोंडाचा हिशेब सोपा. तोंडात मावेल तो मासा म्हणजे खाद्य, त्यात राग-लोभ काही नाही. लांबी बघून फसू नका, पाठीपासून पोटापर्यंतची उंची बघा. सिल्व्हर डॉलर मासा ताटलीसारखा उभा रुंद असतो, म्हणून १० सेंटीमीटरचा झाला की ऑस्करला तो गिळता येत नाही. पाच-सहांचा कळप ठेवा. तेवढ्याच लांबीचा सडपातळ मासा मात्र रात्रीत गायब होईल. सकर (काचेला चिकटून शेवाळ खरवडणारा मासा) कसाही चालतो असं समजतात, तेही खरं नाही. लहान सकर गिळायला गेला तर त्याचे काटे ऑस्करच्या घशात अडकतात, आणि मोठा सकर उपाशी राहिला तर झोपलेल्या ऑस्करच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. रेडटेल कॅटफिशबद्दल बोलायलाच नको. तीन इंचांचं पिल्लू गोजिरवाणं दिसतं, पण तो मीटरभर वाढणारा मासा आहे.

हद्दीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. ऑस्करची हद्द तळाशी असते: एखादा सपाट दगड, मडक्याचा तुकडा, फिल्टरच्या पाइपामागचा कोपरा. सिल्व्हर आरोवाना पाण्याच्या वरच्या थरात फिरतो, म्हणून मोठ्या टँकमध्ये ही जोडी बऱ्याचदा निभते. पण पुढे ८०-९० सेंटीमीटर होणाऱ्या माशाला वळायला टँकची रुंदीच अडीच-तीन फूट लागते, आणि झाकण घट्ट नसेल तर तो सकाळी फरशीवर सापडतो. फ्लॉवरहॉर्न तर एकटाच ठेवावा. मलेशियात १९९०च्या दशकात संकरातून तयार झालेला हा मासा काचेबाहेरच्या बोटावरही तुटून पडतो. त्याला जोडीदार शोधत बसू नका.

एका ऑस्करला ४ × १.५ × १.५ फुटांचा टँक (सुमारे २५५ लिटर) ही किमान जागा. दोघांना ६ × २ × २ हवा. त्यात नुसतं पाणीच ६८० किलो भरतं, तेव्हा स्टँड आणि जमीन आधी तपासा. तीन ऑस्कर हा सगळ्यात वाईट आकडा: दोघांची जोडी जमते आणि तिसरा मार खातो.

भांडण सुरू झालं की आधी दोघं आडवे उभे राहून कल्ले फुगवतात आणि शेपटीने एकमेकांवर पाणी मारतात. मग जबडा जबड्यात अडकवून ओढाओढ. इथवर घाबरू नका, जोडी जमतानाही हेच करतात. बघायचं असतं ते नंतर. हरलेला मासा वरच्या कोपऱ्यात तिरका थांबतो, पर अंगाशी मिटलेले, रंग काळवंडलेला. खाणं टाकलं तरी खाली येत नाही. दोन वेळा असं झालं की वाट बघू नका. हा मासा जखमांपेक्षा उपासमारीने आणि भीतीने आधी जातो.

अशा वेळी मार खाणाऱ्याला बाहेर काढतात, ते उलट आहे. मारणाऱ्याला काढा, आठ-दहा दिवस वेगळ्या टबात ठेवा, तेवढ्यात दगड-मडकी सगळी हलवून टाका. परत येईल तेव्हा त्याची जुनी हद्द उरलेली नसते. नवा मासा आणतानाही हीच युक्ती: तीन आठवडे वेगळा ठेवून रोग नाही याची खात्री, मग जुन्यांना पोटभर खाऊ घालून, सजावट हलवून, दिवा बंद करून संध्याकाळी सोडायचा. नवा आकाराने जुन्याच्या बरोबरीचा असावा.

मध्ये पार्टिशन घालायचं तर साधी काच नको. दिवसभर काचेवरच धडका देत बसतात आणि पाणीही फिरत नाही. फॉल्स सीलिंगच्या दिव्याखाली बसवतात ती चौकोनी प्लास्टिकची जाळी कापून घ्या, सक्शन कपांना झिप टायने बांधा. खालची कड तळाच्या काचेला टेकलेली हवी. नुसती खडीत रोवली तर ऑस्कर खडी उकरतो आणि दुसऱ्या दिवशी पलीकडे.

आडोशाला घराशेजारचा चिरा (जांभा दगड) टाकू नका. त्याची खरबरीत कड खवले खरवडते आणि लाल माती सुटत राहते. मातीचं मडकं किंवा चार इंची पीव्हीसी पाइप चांगला.

गोव्यात जून महिना वेगळा सांभाळावा लागतो. विहिरीचं थंड पाणी एकदम अर्धा टँक बदललं की ऑस्करची जोडी अंडी घालायला उठते, आणि मग दगडाभोवतीची हद्द अर्ध्या टँकभर पसरते. आठवड्याला २५-३० टक्केच बदला, तेही दोन वेळांत. शिवाय चिऱ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि आम्लयुक्त. शिकारी मासे भरपूर प्रथिनं खातात, फिल्टरमधले जिवाणू त्या घाणीवर काम करताना पाण्यातली क्षारता संपवतात आणि पीएच घसरतो. पीएच फार खाली गेला की जिवाणू थंडावतात, अमोनिया साचतो, मासे चिडचिडे होतात आणि जखमा भरत नाहीत. उपाय स्वयंपाकघरातच आहे: खुबे किंवा तिसऱ्यांची रिकामी कवचं उकळून, मांस पूर्ण काढून, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. मूठभराने सुरुवात करा आणि केएच (क्षारतेचं माप) चारच्या आसपास येईपर्यंत वाढवा. वीज दोन-तीन तास गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लावा, आणि त्या दिवशी खाणं बंद.

दोनदा वेगळं करूनही तोच मासा मार खात असेल तर तिसरा प्रयत्न करू नका. लगेच गिऱ्हाईक बघा. २० सेंटीमीटरच्या पुढचा ऑस्कर दुकानदारही घ्यायला कुरकुरतो, आणि देवळाची तळी किंवा नदी हा त्यावरचा तोडगा नाही.