गाढ झोपेत मी कुठे असते?

उपनिषदांवर बोलून झालं, लोक उठायला लागले, की कुणीतरी जवळ येऊन हळूच विचारतं, "आत्मा म्हणजे शुद्ध चैतन्य आणि ते कायम असतं, असं तुम्ही म्हणता. मग गाढ झोपेत काहीच कसं कळत नाही? तेव्हा ते जातं कुठे?" तुम्हीही हेच विचारलंत. उभ्या उभ्या सांगण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांगते, हा प्रश्न विचारताना संकोच नको. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात खुद्द इंद्र याच प्रश्नापाशी अडला आहे. आत्मा जाणून घ्यायला तो प्रजापतीकडे राहतो. 32 वर्षं, पुन्हा 32, पुन्हा 32. तेव्हा कुठे उत्तर मिळतं, की स्वप्नही न पाहता जो शांत झोपतो तो आत्मा. इंद्र समाधानाने निघतो आणि देवांपर्यंत पोचायच्या आतच माघारी वळतो. त्या अवस्थेत ‘हा मी’ एवढंही कळत नाही, माणूस नाहीसा झाल्यासारखाच होतो, यात मला काही भलं दिसत नाही, असं तो स्पष्ट सांगतो. प्रजापती रागावत नाही. "तू म्हणतोस ते बरोबर आहे, आणखी 5 वर्षं राहा," म्हणतो. एकूण 101 वर्षं! एवढा मान या शंकेला दिलेला आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

आता झोपेकडे येऊ. सकाळी उठून आपण म्हणतो, "काय गाढ झोप लागली, काही म्हणजे काही कळलं नाही." वेदान्ती, म्हणजे उपनिषदांच्या आधारे विचार करणारे तत्त्वज्ञ, हेच वाक्य पकडतात. ‘पंचदशी’ या वेदान्तग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्याचे कर्ते विद्यारण्य म्हणतात, ही आठवण आहे, आणि आठवण अनुभवाचीच होते. म्हणजे त्या ‘काही न कळण्याचा’ही अनुभव कुणीतरी घेतला होता. यावर नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचा, आक्षेप आहे: ही आठवण नव्हे, अनुमान आहे. रात्र सरली, अंग हलकं झालं, मधलं काही आठवत नाही, त्यावरून आपण उठल्यावर ठरवतो की तेव्हा ज्ञान नव्हतं. खरं सांगायचं तर एकेकाळी मला पंचदशीचा युक्तिवाद बिनतोड वाटायचा. आज वाटत नाही. नैयायिकांच्या म्हणण्यात दम आहे.

माझा विश्वास डळमळला तो एका शस्त्रक्रियेमुळे. पूर्ण भूल दिली होती. डोक्यावरचा मोठा गोल दिवा पाहिल्याचं आठवतं आणि लगेच कुणीतरी गालावर थोपटत होतं. मध्ये तीन तास गेले होते म्हणे. "छान झोप झाली" असं म्हणायलासुद्धा जागा नव्हती. मधला काळ कुणी कात्रीने कापून काढावा आणि दोन टोकं जोडून द्यावीत, तसं.

घरी आल्यावर ब्रह्मसूत्रं, म्हणजे उपनिषदांची शिकवण मांडणारी वेदान्ताची सूत्रं, उघडली. तिसऱ्या अध्यायात मूर्च्छेवर एक स्वतंत्र सूत्र आहे, आणि त्यावर भाष्य करताना शंकराचार्य अगदी जवळून पाहिल्यासारखं लिहितात. झोपलेल्याचा चेहरा शांत असतो, श्वास एका लयीत चालतो. मूर्च्छितांचा श्वास अडखळतो, अंग थरथरतं. झोपलेल्याला हाताने हलवलं तरी तो उठतो, मूर्च्छितांना मोगरीचा घाव घातला तरी जाग येत नाही. म्हणजे मूर्च्छा ही धड झोपही नव्हे. जे नीट बसत नव्हतं ते ओढूनताणून बसवण्याऐवजी त्यांनी वेगळं ठेवलं, हे वाचून मला धीर आला.

आणि मग त्याच भाष्यातला, दुसऱ्या अध्यायातला एक दाखला नव्याने दिसला. आकाशात पसरलेल्या प्रकाशाला उजळायला समोर काही नसेल, तर तो प्रकट होत नाही. पण म्हणून प्रकाश नाही असं होत नाही. झोपेत विषय नसतो, चैतन्य नसतं असं नव्हे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी जनक राजाला हेच सांगतो: तो पाहत नाही असं वाटतं, पण पाहत असूनच तो पाहत नाही. द्रष्ट्याची दृष्टी कधी लोपत नाही. पाहायला दुसरं काही उरलेलंच नसतं.

याने सिद्ध काय होतं, असं तुम्ही विचाराल. झोपेबद्दल, कदाचित काहीच नाही. पण प्रश्नाची दिशा बदलते. "चैतन्य कुठे जातं" म्हणताना आपण त्याला आपल्याजवळची वस्तू समजतो, डोळ्यांसारखी किंवा आवाजासारखी, कधी चालू तर कधी बंद. रात्री अचानक दिवे जातात तेव्हा आपण म्हणतो, "काहीच दिसत नाही." हे कोण म्हणू शकतं? ज्याचे डोळे शाबूत आहेत तोच. त्याच खोलीतल्या टेबलाला अंधार दिसत नाही. काही नसल्याचं कळणं हेही कळणंच आहे, आणि ते तपासायला झोपेपर्यंत थांबावं लागत नाही. दोन विचारांच्या मध्ये, शब्द सापडत नसताना, दिवसाउजेडी ते पाहता येतं. माझी अद्वैतावरची, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच या मतावरची, श्रद्धा आज या पाहण्यावर उभी आहे, झोपेच्या युक्तिवादावर नाही.

भुलेच्या त्या तीन तासांबद्दल माझ्याकडे आजही उत्तर नाही. जाग आल्यानंतरची पहिली काही क्षणं मात्र मी विसरलेले नाही. नर्स काहीतरी विचारत होत्या. खोली ओळखीची वाटत नव्हती, वार कुठला ते सुचत नव्हतं, स्वतःचं नावसुद्धा अजून जुळून आलं नव्हतं. आणि यातलं काहीही कळत नाहीये, हे लख्ख कळत होतं.